कोऱ्या जागेचं वजन

१. अर्धं पान

मुलीला न्यायला आई आली, तेव्हा शिशुगृहाने तिच्या हातात मूल ठेवलं नाही, एक छापील पान ठेवलं. पानावर तिचीच सही होती. सहीखालचा अर्धा भाग कोरा होता, आणि त्या कोऱ्या भागामुळे तिची मुलगी कायद्याने तिची उरली नव्हती.

संस्थेची रीतच तशी होती. मूल काही महिने सांभाळायला ठेवा नाहीतर कायमचं देऊन टाका, अर्ज एकच. फरक खालच्या अर्ध्यात. परत न्यायचं मूल असलं तर तिथे त्याच्या तळपायाचा शाईचा ठसा घेत, आणि शेजारी आईने स्वतःच्या हाताने लिहायचं की मी न्यायला येईन. देऊन टाकलेल्याचा ठसा घेत नसत. ओळख पटवायला मागून कोणी येणारच नसतं, मग शाई कशाला फुकट घालवा.

आईचं म्हणणं, ठसा घेतला होता. संस्थेचं म्हणणं, पान बघा.

मूळ कागद बघायची सोय नव्हती. तिथे प्रत्येक कागद स्कॅन झाला की कातरयंत्रात जाई. उरे ते फक्त स्कॅन.

न्यायालयाने चौकशीला ज्या बाई नेमल्या त्यांना पाठीमागे सगळे सुई म्हणत. बोलणं बारीक आणि टोचणारं. जबान्या लिहून घ्यायला त्यांनी मला बोलावलं. माझी मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती आणि मी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून कामावर जात असे. म्हटलं, हे प्रकरण मला नको.

"म्हणूनच तू हवीस," सुई म्हणाली. "घाबरलेली बाई नीट बघते."

२. चपला

आई आली ती थोरल्या बहिणीला बरोबर घेऊन. आम्ही दोघींना धाकटी आणि थोरलीच म्हणू लागलो. धाकटी लाँड्रीत इस्त्री करायची. वाफेने तिची बोटं शिजल्यासारखी गुलाबी झाली होती. बसल्या बसल्या तिने मांडीवरच्या पिशवीतून लहान मुलीच्या लाल चपला काढून टेबलावर ठेवल्या.

"आजच न्यायची नाहीये," सुई म्हणाली.

"माहितीये. पण पाय वाढतात ना. दर वेळी मोठा जोड घेते. हा पाचवा." तिने स्वतःची चप्पल सारून पाय पुढे केला. "तिची पण अशीच आहेत बघा. अंगठ्याशेजारची दोन बोटं जोडलेली. नर्स म्हणाली होती, हरवली तरी सापडेल."

धाकटीच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं, आजार संसर्गाचा होता, आणि नवरा त्याआधीच चालता झालेला. डॉक्टरांनी अंगावरचं मूल दूर करायला सांगितलं. थोरलीच्या घरी सासूने उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही. म्हणून शिशुगृह.

"ठसा कोणी घेतला?"

"तिथल्या साहेबांनी. गुदगुल्या झाल्या तिला. पाय ओढला आणि शाई सगळी माझ्या पदराला."

सुईने थोरलीकडे पाहिलं. साक्षीदार म्हणून त्या पानावर तिची सही होती.

"ती तापात होती," थोरली म्हणाली. "ठसाबिसा काही नाही. माझ्यासमोर तिने मूल दिलं. आता आठवत नाही तिला."

"ताई, असं काय बोलतेस गं?"

"खरं ते बोलते. आणि त्या चपला आत ठेव आधी."

ती बहिणीकडे बघत बोलली, खिडकीकडे बघत बोलली, माझ्या वहीकडेही तिने पाहिलं. टेबलावरच्या चपलांकडे तिची नजर एकदाही गेली नाही. एवढ्याशा खोलीत दोन लाल चपला न बघणं सोपं नसतं.

३. फाईलवरचा विश्वास

दुसऱ्या दिवशी आम्ही शिशुगृहाच्या ऑफिसात होतो. भिंतीपलीकडे पाळण्यांची खोली होती, आणि एक मूल रडायचं थांबलं की दुसरं सुरू होई. माझ्या अंगाला ते लगेच कळे. मी ब्लाउजवर पदर ओढून बसले.

पहिले समुपदेशक. अर्ज तेच भरून घेत. त्यांच्या अंगठ्याच्या नखात निळी शाई कायमची बसली होती, आणि बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात.

"तुम्ही ठसा घेतलात?"

"मॅडम, शेकडो पाय हातून गेले. फाईलमध्ये नसेल तर घेतला नसेल. मी फाईलवर विश्वास ठेवतो, स्वतःवर नाही."

"शहाणे आहात. मीसुद्धा तुमच्यावर ठेवत नाही."

मग संचालिका. त्यांना सगळं शिशुगृह माई म्हणे. पांढरी साडी, मऊ हात, आणि माझ्याकडे बघताच पहिला प्रश्न, "तुमचं किती महिन्यांचं?" मी सांगून टाकलं, आणि सांगितल्याचा लगेच पस्तावा झाला.

"आयांचं असं असतं," माई म्हणाल्या. "देताना देतात, मग पान्हा फुटतो. मूल फार चांगल्या घरी गेलंय. पत्ता सांगता येत नाही, नियम आहे. आता त्या पोरीला मुळासकट उपटून आणायचं का, ते तुम्हीच ठरवा."

खोटं नव्हतं ते. मी लिहिता लिहिता मान डोलावली असावी, कारण सुईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"स्कॅन कोण करतं?" तिने विचारलं.

"आमचा चिंगूस," माई हसून म्हणाल्या.

४. चिंगूस

चिंगूस हे नाव त्याला ऑफिसने दिलं होतं आणि त्याने ते आनंदाने घेतलं होतं. जागा वाचवणं हा त्याचा धर्म. सगळं काळं-पांढरं, जाडंभरडं, आणि वर पिळून ठेवलेलं. फाईल लहान करण्याला तो पिळणंच म्हणे.

"लग्नाचे फोटोसुद्धा असेच ठेवलेत यानं," समुपदेशक दारातून म्हणाले. "बायको कुठली आणि खांब कुठला कळत नाही."

"खांब कमी जागा खातो," चिंगूस म्हणाला.

सुईने धाकटीची फाईल उघडायला लावली आणि मजकूर न बघता पानांच्या यादीवर बोट ठेवलं. प्रत्येक पानासमोर त्याचं वजन होतं, म्हणजे ते कम्प्युटरात किती जागा खातं ते. भरगच्च लिहिलेली पानं तीस केबीच्या आसपास. मधलं एक पान नव्वद.

"हे कुठलं?"

"तेच," चिंगूस म्हणाला. "सहीचं."

"अर्धं कोरं आहे ना ते?"

चिंगूसने आकडा पुन्हा वाचला.

मला काही उलगडलं नाही, ते सुईला दिसलं असावं. "वहीत लिही," ती म्हणाली. "स्कॅन म्हणजे कागदावर बारीक चौकटींचं जाळं टाकायचं आणि प्रत्येक चौकटीत काय आहे ते नोंदवायचं. जाळं बारीक, तर वजन जास्त. कागद मोठा, तर जास्त. रंग असले तर आणखी जास्त. आणि पिळताना यंत्र एक लबाडी करतं. जिथे नुसतं पांढरं असतं तिथे म्हणतं, इथून तिथवर पांढरं, पुढे चला. त्यामुळे कोऱ्या जागेला वजन नसतं."

"मग हे पान बाकीच्यांच्या निम्मं भरायला हवं," मी म्हटलं.

"आणि भरतंय तिप्पट. पोट दिसत नाही, पण बाई दोन जिवांची आहे."

भिंतीपलीकडचं रडणं त्याच क्षणी थांबलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

५. ओरखडा

तिन्ही जणांकडे कारणं तयार होती.

समुपदेशक म्हणाले, ते पान चुकून रंगीत स्कॅन झालं असेल. पण धाकटीची सही निळ्या शाईतली, आणि पडद्यावर ती काळी होती. रंग नाही.

चिंगूस म्हणाला, त्या दिवशी जाळं बारीक राहिलं असेल. सुईने अक्षर मोठं करत नेलं, पार त्याच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या दिसेपर्यंत. मग शेजारच्या पानावरचं अक्षर तेवढंच मोठं केलं. पायऱ्या तेवढ्याच. जाळं तेच, कागदही तेवढाच.

माई म्हणाल्या, कागद मळका असेल. मळाच्या ठिपक्यांनी वजन वाढतं ना?

"वाढतं की," सुई म्हणाली. "तुम्हाला बरंच कळतं. पण दाखवा ना मळ कुठे आहे तो."

खालचा अर्धा भाग धुतल्यासारखा स्वच्छ होता. मी पडद्याला नाक लावून बघत होते. बाळाच्या अंगावर पुरळ आहे का ते बघावं, तशी. आणि मला दुसरंच काही दिसलं. प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत केसासारखी एक उभी रेघ होती.

"ती स्कॅनरच्या काचेला ओरखडा आहे," चिंगूस म्हणाला. "नवीन काच कोण देतंय."

"या पानावर रेघ मध्येच थांबते," मी म्हटलं.

सुई माझ्याकडे बघून हसली. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "काच अर्ध्यात बरी झाली म्हणायची."

मग तिने माऊस हातात घेतला. कोऱ्या जागेवर टिचकी मारली, धरलं आणि ओढलं. पांढरा चौकोन बाजूला सरकला, झोपलेल्या मुलावरचं पांघरूण सरकावं तसा.

खाली पाऊल होतं.

माझ्या तळहातापेक्षा लहान, काळं, ठिपक्याठिपक्यांचं. अंगठ्याशेजारची दोन बोटं जोडलेली. बाजूला ताप असलेल्या माणसाचं वाकडंतिकडं अक्षर: मी बरी झाले की न्यायला येईन, कोणाला देऊ नका.

६. हात कोणाचा

सुईने दोन्ही बहिणींना बोलावून घेतलं. मी म्हटलं, धाकटीला बाहेर बसवू या, आधी सगळं होऊ दे. सुई म्हणाली, "का? मूल तुझं हरवलंय का?"

धाकटीने पडदा पाहिला. तिने पडद्यावरच्या पावलावर गुलाबी बोट ठेवलं आणि ती हसायला लागली. "ओढला होता ना पाय. बघा, टाच फरफटलीये." मग बहिणीला म्हणाली, "तापात होते होय गं मी?"

थोरलीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आता हात कोणाचा ते बघू," सुई म्हणाली. "ओरखडा काचेचा. कागदावर आधी पांढरं चिकटवून मग स्कॅन केलं असतं, तर रेघ त्या पांढऱ्यावरूनही गेली असती. ती खाली गेली नाही, म्हणजे झाकण स्कॅननंतरचं आहे. थोरल्या बाईंच्या आणि गोड साहेबांच्या हातात कागद होता तो त्याआधी. त्यांना फाईलला हात लावता येत नाही. फाईल बदलायचा अधिकार दोघांना. चिंगूस आणि माई."

"मी नाही," चिंगूस म्हणाला.

"तुम्ही नाहीच. झाकून झाल्यावर तुम्ही पुन्हा पिळलं असतं. मग पांढरं आणि खालचं एकजीव होऊन पाऊल कायमचं गेलं असतं, आणि मी आज इथे माश्या मारत बसले असते. नव्वद केबी तसेच टाकून तुम्ही रात्री झोपूच शकला नसता. हे ज्याने केलं, त्याला वाटतं की दिसत नाही ते नसतं."

सगळे माईंकडे बघायला लागले. माईंनी पदर सारखा केला.

"हो, मी केलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "एक चांगलं कुटुंब थांबलं होतं. ही बाई वाचेल असं कोणी म्हणत नव्हतं. ठसा पानावर असेपर्यंत मूल देता येत नाही. मी मुलीचं भलं पाहिलं. करा काय शिक्षा करायची ती."

"मला शिक्षाबिक्षा नको," धाकटी म्हणाली. "मुलगी कुठेय ती सांगा. त्या लोकांना मी काही बोलणार नाही. हळूहळू नेईन. ती रडेल ना आधी."

तिने चपला पुन्हा काढल्या. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.

७. हलकी फाईल

"दत्तकाची फाईल," सुई म्हणाली.

"मोहोरबंद आहे," माई म्हणाल्या. "न्यायालयाच्या हुकमाशिवाय उघडता येत नाही."

"नका उघडू. यादीत तिचं नाव दाखवा, पुरे."

चिंगूसने यादी खाली खाली नेली. नाव आलं. शेजारी पानांची संख्या, चौदा. त्याच्या शेजारी वजन. चिंगूसने ते वाचलं आणि खुर्ची मागे ढकलली, गरम तव्याला हात लागल्यासारखी.

चौदा पानं मिळून एका लिहिलेल्या पानाएवढीही भरत नव्हती.

"तपासणीला येणारे पानं मोजतात," सुई म्हणाली. "म्हणून माईंनी चौदा कोरे कागद यंत्रातून काढले. कुटुंबाचा अर्ज नाही, ओळखपत्र नाही, फोटो नाही, सही नाही. काचेचा ओरखडा तेवढा चौदा वेळा." तिने धाकटीकडे पाहिलं आणि तिचा आवाज जराही बदलला नाही. "तुमची मुलगी कोणाकडे गेलेली नाही. ती इथून कुठेच गेली नाही."

धाकटी हसतच होती. तिला अजून पोचलं नव्हतं. "मग इथेच आहे?" तिने भिंतीपलीकडच्या रडण्याकडे कान दिला.

तेव्हा थोरली खाली बसली. तिथे खुर्ची नव्हती.

"तुला दवाखान्यात घालून तिसरा आठवडा होता," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "दूध घशात अडकलं तिच्या. एवढ्या पाळण्यांना एकच बाई होती, तिचा डोळा लागला. माईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, कळलं तर ही जागा बंद होईल आणि बाकीची मुलं रस्त्यावर येतील. आणि तुझे डॉक्टर म्हणाले होते, हिला धक्का सोसणार नाही." तिने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं, मेलेल्या मुलीमागे माणूस मरतं, दिलेल्या मुलीसाठी माणूस जगतं. जगलीस ना? बरी झालीस ना?"

"जगले," धाकटी म्हणाली.

मग तिने चपला उचलून बहिणीच्या मांडीवर ठेवल्या, नीट, जोडीने.

"पाचही वेळा तू दुकानात बरोबर आली होतीस, ताई. मागच्या वेळी म्हणालीस, एक माप मोठा घे."

माई मऊ आवाजात काहीतरी सांगू लागल्या. देवाची इच्छा, असं काहीसं. सुईने त्यांना बोलू दिलं, आणि मला सांगितलं, "हे शब्दशः घे. कोर्टात उपयोगी पडेल." मी घेतलं. माझं अक्षर धाकटीच्या त्या दोन ओळींसारखं वाकडंतिकडं येत होतं.

८. रेषा

पोलीस माईंना घेऊन गेले. थोरली बाहेरच्या बाकावर चपला मांडीवर धरून बसली होती आणि तिला घरी कसं जायचं ते सुचत नव्हतं. समुपदेशक म्हणत होते की त्यांना काही माहीतच नव्हतं. ते खरं होतं, आणि त्याचा त्यांना काही फायदा झाला नाही. सुईने त्यांना विचारलं, शेकडो पायांमधला एक परत आला नाही, तर तुम्हाला कळतं तरी का? त्यांनी नखातली शाई खरवडायला सुरुवात केली.

धाकटी कम्प्युटरसमोरून उठली नाही.

"हे मला कागदावर द्या," ती चिंगूसला म्हणाली. "तेवढंच आहे माझ्याकडे. तिचा फोटो पण नाही."

चिंगूसने पाऊल पानभर मोठं करून छापलं. यंत्रातून कागद गरम गरम बाहेर आला. तिने तो खिडकीशी धरला, जवळ घेतला, लांब धरला.

"यात रेषा नाहीत."

"हं?"

"तळपायाच्या रेषा. शाई लावली तेव्हा कागदावर आल्या होत्या, मी बघितल्या होत्या. केसासारख्या बारीक. हे नुसते चौकोन आहेत काळे."

"मी मोठं करतो," तो म्हणाला, आणि केलं. काळे चौकोन आणखी मोठे झाले. त्याने पुन्हा केलं. शेवटी पडदाभर एकच चौकोन उरला आणि त्यापुढे काही नव्हतं.

"मूळ कागद?"

त्याने कातरयंत्राकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"स्कॅन करताना मी सगळं काळं-पांढरं करतो," तो म्हणाला. "जाडंभरडं. बारीक रेषा जातात त्यात. जागा वाचावी म्हणून."

धाकटीने कागदाची घडी घातली नाही, घडी पावलावरून गेली असती. तो तसाच दोन्ही हातांवर आडवा धरून ती दारापर्यंत गेली, नुकतं झोपलेलं मूल नेतात तशी. तिथे ती थांबली आणि वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"किती वाचली हो जागा?"

कुठल्याही पानाचं वजन न बघता सांगणारा तो माणूस. त्याने तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. आकडा त्याला माहीत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.